नऊ आंधळे

पत्राच्या तिसऱ्या ओळीवर पेन्सिलचं टोक पुन्हा मोडलं, तेव्हा कॅझने ती टेबलावर आडवी ठेवली आणि खिशातून चाकू काढला. टोक करताना त्याचा हात सावकाश चालायचा, आजही तसाच चालत होता. जीभ मात्र सकाळपासून सुटली होती आणि स्वयंपाकघरात ऐकायला कुणीच नव्हतं.

"एकही नाही," तो पेन्सिलला म्हणाला. "सात बक्षिसं, आणि त्यात आपला एकही नाही."

बक्षिसांची यादी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती आणि पान बटरच्या डबीखाली दाबून ठेवलेलं होतं. लॉकहॅम फेरीमेन हा आठ गावांच्या धाकट्या बेसबॉल लीगमधला संघ. सप्टेंबरात त्यांनी अजिंक्यपद जिंकलं, तेही छत्तीस वर्षांनी. नदीकाठच्या रस्त्यावरून आगीचे बंब भोंगे वाजवत फिरले, कागद गिरणीच्या निवृत्त कामगारांनी गल्लीत बिअरची पिंपं उघडली, पाद्रीबाबांनीही घंटा वाजवायला परवानगी दिली. आणि आता नोव्हेंबरात लीगने वर्षाचे मानकरी जाहीर केले, तर हरलेल्या गावांनी सगळं वाटून घेतलेलं. लग्न एकाच्या घरी आणि आहेर शेजाऱ्याला, असला प्रकार.

पण कॅझच्या मनाला खरी लागली होती ती शॉर्टस्टॉपची ओळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये जो उभा राहतो, ज्याच्या अंगावर दिवसभर सुसाट चेंडू येतात, त्याला ही लीग दर वर्षी सोनेरी ग्लोव्ह देते. या वर्षी तो तादेओ किलेसचा होता, याबद्दल लॉकहॅममध्ये शेंबड्या पोरालाही शंका नव्हती. मिळाली सहा मतं. ब्रायर्सविलच्या पोराला आठ. उरलेली दोन इकडेतिकडे.

मतं एकूण सोळा. आठ गावांचे आठ मॅनेजर आणि आठ अधिकृत स्कोअरर. कॅझ स्वतः बावीस वर्षं लॉकहॅमचा स्कोअरर होता. दिवसा कागद गिरणीत आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मैदानावरच्या लाकडी खोक्यात, मांडीवर वही घेऊन. फलंदाजाचा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला, तर ती फलंदाजाची कमाई की क्षेत्ररक्षकाची चूक, हे ठरवायचा अधिकार त्या खोक्यातल्या माणसाचा. त्यामुळे हिशेबात तो पक्का होता. सोळातून सहा गेले, राहिले दहा. दहातला एक लॉकहॅमचाच मॅनेजर, त्याला नियमाने आपल्या खेळाडूला मत देता येत नाही, तो बिचारा सुटला. राहिले नऊ.

'संपादक महाशय,' त्याने लिहिलं होतं, 'या लीगमध्ये नऊ आंधळे आहेत.'

पुढचं वाक्य काही केल्या येत नव्हतं. दर वेळी पेन्सिल त्याच जागी दाबली जाऊन मोडत होती.

बाहेर ट्रकचं दार आपटलं. मागच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. तिसरी पायरी ढिली होती आणि येणाऱ्याने ती न बघता ओलांडली.

"कोबी करपला वाटतं," नेस्टर किलेस दारातूनच म्हणाला.

"करपला नाही. खरपूस झालाय."

"दोन्या लू असती तर खिडकी उघडली असती."

"लुसिल असती तर करपलाच नसता. आत ये आधी. थंडी घरात घेऊ नकोस."

नेस्टर अठ्ठावन्न वर्षांचा होता. एक गुडघा ताठ, केस पांढरे, पोट सुटलेलं. तरी कॅझच्या लेखी तो पोरगाच. दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तो दोन तास ट्रक हाकत यायचा. त्याच्या बेटावर, पोर्तो रिकोला, वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात आणि बाप्याला डॉन. पहिल्या दिवसापासून या घरात तो तसंच म्हणत आला. त्याने बगलेतलं पुडकं ओट्यावर ठेवलं. केळीच्या पानात गुंडाळून सुतळीने बांधलेले पास्तेलेस, बायकोने पाठवलेले.

"इव्हेलिसने सांगितलंय, उकळत्या पाण्यात तासभर. आणि डॉन कॅझ, मध्ये उघडून बघायचं नाही."

"मला शिकवतोस? तुझा संघ कितवा आला रे या वर्षी?"

"पाचवा."

"आठात पाचवा."

"खाली तीन जण आहेत की."

"त्या तिघांनाच बक्षिसं मिळाली बघ," कॅझ म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर त्याला पुन्हा संताप आला. "बापाला नाही मिळालं, पोराला नाही मिळालं. किलेस नाव दिसलं की या लोकांचे हात आखडतात का रे? तू तिकडे ग्रॅनाइट हिलला मॅनेजर आहेस, बैठकांना जातोस. कुणी काही बोलत नाही?"

मोरीशी जाऊन नेस्टरने हात धुतले, ते गरजेपेक्षा जास्त वेळ पुसले आणि शेगडीकडे पाठ करून आपल्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची त्याची होती, अठ्ठ्याऐंशी सालापासून.

त्याला तिथे बसलेलं पाहिलं की कॅझला तो उन्हाळा आठवायचाच. खेळाडूंना उन्हाळाभर गावातल्या घरांनी ठेवून घ्यायचं, ही लॉकहॅमची जुनी रीत. कॅझ आणि लुसिलला मूलबाळ नव्हतं आणि माडीवरची खोली रिकामी होती. मे महिन्यात नेस्टर आला, बावीस वर्षांचा, एक सुटकेस आणि दोन ग्लोव्ह घेऊन. इंग्रजी इतकंच की 'थँक यू' आणि 'हॉट सॉस'. ग्लोव्हचं कातडं मऊ राहावं म्हणून तो त्याला दाढीचा फेस चोळायचा आणि फेस कॅझचा. कॅझ ओरडायचा, लुसिल दुसऱ्या दिवशी नवा डबा आणून ठेवायची. संध्याकाळी ती ओसरीवर मटार सोलत रेडिओवर सामना ऐकायची. नदीवरून धुकं आलं की सामना थांबायचा, सगळं मैदान दुधात बुडाल्यासारखं दिसायचं आणि खोक्यात बसलेल्या कॅझला फक्त नेस्टरची शिट्टी ऐकू यायची. तो धुक्यात उभा राहून शिट्टी वाजवायचा, बाकीच्यांनी हसावं म्हणून. इतकं सुख आपल्या वाट्याला येईल असं कॅझला कधी वाटलं नव्हतं.

मग जूनमध्ये एकदा न्हाव्याच्या दुकानात व्हर्लिनने वस्तरा थांबवून विचारलं, "काय कॅझ, घरच्या पोराच्या नावावर चूक मांडलीस तर रात्री ताटावर कोण बसणार?"

सगळे हसले. कॅझही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याची पेन्सिल ताठ झाली. चेंडू इकडचा की तिकडचा अशी शंका आली की तो नेस्टरच्या नावावर चूक मांडू लागला. जुलैत एक चेंडू खड्यावर आपटून उसळला आणि नेस्टरच्या छातीवर आदळला. देवालाही तो धरता आला नसता. कॅझने चूक मांडली. धावफलकावर चुकीचा दिवा लागला, रेडिओवाल्याने सांगितलं आणि तिकडे ओसरीवर लुसिलने रेडिओ बंद केला. त्या संध्याकाळी जेवताना नेस्टर फक्त "मीठ देता का?" इतकंच म्हणाला. लुसिल तेवढंही बोलली नाही, पुढचे दोन दिवस.

सप्टेंबरात मतपत्रिका आली. कॅझ याच टेबलावर तासभर तिच्यापुढे बसला. पेन्सिल चालली, खोडरबर चालला, पुन्हा पेन्सिल चालली. शेवटी त्याने ब्रायर्सविलच्या हॅझलेटचं नाव लिहिलं, पत्रिका पाकिटात घातली आणि पाकीट फ्रिजवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गिरणीतून परत आला तेव्हा पाकीट तिथे नव्हतं. टपालात गेलं, लुसिल म्हणाली. महिन्याने निकाल छापून आला. हॅझलेट सात, किलेस सहा, तीन इतरांना.

लॉकहॅमने त्याही वर्षी अजिंक्यपद जिंकलं होतं आणि त्याही वर्षी एकाही फेरीमेनचं नाव यादीत नव्हतं. थंडीत वरच्या लीगची माणसं आली, ग्लोव्हवाल्या हॅझलेटला घेऊन गेली. नेस्टर आणखी दोन उन्हाळे इथेच खेळला आणि मग गुडघा गेला. ग्लोव्ह मिळाला असता तर ती माणसं त्याला घेऊन गेली असती का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. कॅझला ते छत्तीस वर्षं छळत होतं. आणि छत्तीस वर्षं तो त्या मतदारांना शिव्या घालत होता, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, गिरणीत, आणि नेस्टर समोर असला की सगळ्यांत मोठ्याने. गावात म्हणायचे, नेस्टरची बाजू घ्यावी तर कॅझनेच. ते ऐकलं की त्याला आपल्या तोंडाची लाज वाटायची, पण ते तोंड थांबत नव्हतं. खरं सांगावं तर हा माणूस पुढच्या नोव्हेंबरात यायचा नाही, या भीतीने तो गप्प राहिला होता. लुसिल गेल्या वसंतात गेल्यापासून तर त्या शनिवाराशिवाय त्याच्याजवळ फारसं काही उरलंच नव्हतं.

"हे काय?" कॅझ ताटात कोबी वाढून घेत होता, तेवढ्यात नेस्टरने चष्मा लावून पत्र ओढून घेतलं.

"अर्धंच आहे. दे इकडे."

नेस्टरने ते दिलं नाही. त्याने तीन ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"नऊ आंधळे झकास आहे. नावं नाही घातलीत?"

"नावं कुठून घालू? मतं गुप्त असतात."

"एक नाव मी देतो."

"कोण? ब्रायर्सविलचा तो जाड्या? मला वाटलंच होतं."

नेस्टरने चष्मा काढून पत्रावर ठेवला. "माझं घाला."

कॅझच्या काट्यावर कोबी होता. तो काटा ताटात ठेवायला त्याला बराच वेळ लागला. बाहेर कुणीतरी पाचोळा ओढत होतं, त्या दाताळ्याचा आवाज तेवढा येत होता.

"तू?" तो म्हणाला. "सख्ख्या बापाने?"

"ब्रायर्सविलच्या पोराला दिलं. तादेओला दिलं असतं तर सात-सात झाली असती. दोघांना वाटून दिला असता ग्लोव्ह."

"अरे, मग डोळे आहेत की खाचा तुझ्या?" कॅझ पंचांवर ओरडायचा त्या आवाजात म्हणाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, त्यातली गत झाली ही. त्या पोराने ऑगस्टमध्ये उताणं पडून धरलेला तो चेंडू, तू समोरच्या बाकावर बसून पाहिलास. तुझ्याच संघाविरुद्ध. आणि तू..."

"मी उठून टाळ्या वाजवल्या होत्या."

"मग?"

"मग लोक म्हणाले असते, बापाने दिलं. पोराला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं." नेस्टरने सुतळीचा एक तुकडा बोटाभोवती गुंडाळला. "असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणाल तर पोराला काय म्हणतील याची नव्हती भीती. मला काय म्हणतील याची होती."

कॅझ उठला आणि शेगडीपाशी जाऊन त्याने आधीच बंद असलेलं बटण पुन्हा फिरवून पाहिलं. कुठल्या तोंडाने बोलणार होता तो? जावे त्याच्या वंशा म्हणतात, आणि हा तर कॅझच्याच वंशाला आला होता, त्याच खुर्चीवर बसून.

"नेस्टर," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी साली..."

"जेवण निवतंय, डॉन कॅझ."

"निवू दे. ऐक. हॅझलेटला सात मतं होती. त्यातलं सातवं माझं."

"माहीत आहे."

कॅझ वळला.

"पाकीट मीच टाकलं होतं पेटीत," नेस्टर म्हणाला. "सकाळी तुम्ही गिरणीत गेलात आणि दोन्या लूने ते माझ्या हातात दिलं. उघडंच होतं. म्हणाली, चिकटव आणि टाक."

"उघडं? ती विसरली असेल चिकटवायला."

"दोन्या लू कधी काही विसरली होती?"

बेचाळीस वर्षांत ती एकदाही छत्री विसरली नव्हती.

"वाचलं मी," नेस्टर पुढे म्हणाला. "बावीस वर्षांचा होतो. डोकं असं फिरलं की पोस्टाच्या दोन पेट्या ओलांडून पार चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे कचऱ्याचं पिंप होतं. त्यात टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून गेलो होतो."

कॅझचे ओठ हलले. तो हिशेब करत होता. "टाकलं असतंस तर सहा-सहा."

"ते महिन्याने कळलं. निकाल वाचला तेव्हा."

"मग पेटीत का टाकलंस, मूर्खा?"

नेस्टरने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिचं ताजं टोक अंगठ्याने चाचपलं.

"तुम्ही पेन्सिल फार दाबता. पिंपाशी उभा राहून पत्रिका पुन्हा वाचायला वर धरली, तर उन्हात खाली दुसरंच नाव दिसलं. खोडलेलं. माझं. नीट बघितलं तर एकदा नाही, दोनदा लिहून दोनदा खोडलं होतं. कागद पातळ झाला होता तिथे." त्याने खांदे उडवले. "त्या लीगमध्ये दुसऱ्या कुणी माझं नाव दोनदा लिहिलं असेल असं मला नाही वाटलं. मग चिकटवलं आणि टाकलं."

कॅझ खुर्चीवर येऊन बसला. त्याने डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं.

"आणि रागावला नाहीस?"

"रागावलो की. शेवटच्या आठवड्यात तुमचे फेसाचे तीन डबे संपले ते काय ग्लोव्ह चोळून?"

कॅझला हसू आलं, ते खोकल्यासारखं बाहेर पडलं. "छत्तीस वर्षं मी तुझ्यासमोर त्या लोकांचा उद्धार करतोय. थांबवायचंस तरी."

"कशाला? मजा यायची. तुम्ही सुरू झालात की दोन्या लू टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची."

दोघांनीही टेबलाच्या तिसऱ्या बाजूकडे पाहिलं. तिथली खुर्ची आत सरकवलेली होती. मग कॅझने उरलेला खरपूस कोबी दोघांच्या ताटात वाढला आणि नेस्टरने तो कुरकुर न करता खाल्ला. पण खाताना त्याचं लक्ष नव्हतं. हे त्याने आज का काढलं, ते कॅझच्या ध्यानात आलं. मागच्या पस्तीस नोव्हेंबरांत नेस्टरने हा विषय कधी उकरला नव्हता. तो काही जुनं फेडायला आलेला नव्हता.

"तादेओला माहीत नाही," कॅझ म्हणाला.

"काल फोनवर त्याने विचारलं. पप्पा, ग्रॅनाइट हिलचं मत कुणाला गेलं? मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू." नेस्टरने ताट बाजूला सारलं. "आता मत यंत्रावर द्यायचं असतं, डॉन कॅझ. नावापुढे बोट लावायचं. मीसुद्धा आधी तादेओच्या नावापुढे लावलं होतं. आईशपथ. मग काढलं. आणि त्याच्या खाली काही उरत नाही हो. तो उन्हात धरणार काय?"

"सांग ना तोंडाने."

"तोंडाने काय सांगू? तुझं नाव घेतलं होतं, मग सोडलं? तुम्ही मला असं तोंडाने सांगितलं असतंत, तर मी तेव्हाच सुटकेस भरली असती."

ते खरं होतं. कॅझने आपल्या पत्राकडे पाहिलं. संपादक महाशय, या लीगमध्ये नऊ आंधळे आहेत. त्याने खोडरबर घेतला आणि 'नऊ आंधळे'वर घासू लागला. अक्षरं पुसट झाली, गेली मात्र नाहीत. चुरा फुंकून त्याने कागद पालटला, त्याची कोरी बाजू नेस्टरपुढे सरकवली आणि त्याच्या हातातल्या पेन्सिलकडे बोट केलं.

"लिही."

"काय?"

"त्याचं नाव. जिथे लिहायचं होतं तिथे नाही लिहिलंस, इथे लिही. दाबून. आणि हा कागद दे त्याला."

नेस्टर कागदावर वाकला. त्याचा हात जड होता, शाळेतल्यासारखा एकेक अक्षर तो कोरत होता. 'तादेओ'पाशी एकदा थांबला, मग त्याने आडनावही लिहून काढलं. पेन्सिलचं टोक मोडलं नाही. कॅझ उठून खिडकीपाशी गेला आणि त्याने ती वर सरकवली. करपल्याचा वास हळूहळू बाहेर जाऊ लागला आणि ऊन थेट टेबलावर आलं.

नेस्टरने लिहिलेलं नाव क्षणभर न्याहाळलं. मग न बघताच, खोडरबरासाठी, त्याने हात पुढे केला.

कॅझ खुर्चीवर येऊन बसला होता. त्याने खोडरबर उचलला, मुठीत घट्ट धरला आणि मूठ टेबलाखाली नेली.